जागा धरली आहे

४ मार्च, मंगळवार

नातीने मनगट मोडून घेतलं. डावं. स्पीकरचा खोका घेऊन जिना उतरत होती, शेवटची पायरी आली असं वाटलं आणि ती शेवटची नव्हती. खोक्याला ओरखडासुद्धा नाही. चार आठवडे प्लास्टर.

सून दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसते. तिथे औषधवाल्यांनी वाटलेली ही डायरी. प्रत्येक पानाखाली एक हसणारा दात छापलाय. कोणी लिहीत नव्हतं म्हणून मी घेतली. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही चौथी दोनदा. पण या घरात मी तोंडाने बोलले की भांडण होतं आणि कागदावर बोलले की होत नाही, एवढं मला कळलंय.

पोरगी रडली नाही. छताकडे बघत पडून होती. विचारलं, दुखतंय का गं? म्हणाली, "नाही आजी, बरं वाटतंय." गोळी चांगली असावी.

५ मार्च, बुधवार

नातीचा तिघांचा बँड आहे. ती बेस गिटार वाजवते. चार जाड तारांची, लांब दांडीची, घोगरी. एक पोरगी ड्रम वाजवते. एक पोरगा गातो आणि साधी गिटार वाजवतो, त्याचे केस डोळ्यांवर असतात. मी त्याला झिपऱ्या म्हणते, तो ओ देतो. १२ एप्रिलला पालिकेच्या सभागृहात चाचणी आहे. जे बँड पास होतील त्यांना तिथली सरावाची खोली वर्षभर मिळणार. सध्या हे लोक ड्रमवालीच्या मामाच्या टायरच्या गॅरेजमध्ये वाजवतात, मागच्या बाजूला.

आज ड्रमवाली बघायला आली. दोन मिनिटं हाताची चौकशी केली आणि मग मुद्द्यावर आली. कोणी एक उंच चष्मेवाला आहे. त्याच्याकडे स्वतःची बेस गिटार, स्वतःची गाडी. तो यायला तयार आहे. "फक्त चाचणीपुरता हं," म्हणाली.

फक्त म्हणे! मी शर्टांच्या कारखान्यात जन्म काढला. काजं करायचे. आमच्यात बाई बाळंतपणाला गेली की तिच्या मशीनवर ती आपली सासू बसवून जायची. तरुण बाई चुकूनही बसवायची नाही. तरुण बसली की जागा गेली, मग या परत आणि बसा दाराजवळ धुळीत. म्हातारी कशीबशी काम रेटते, मुकादम वैतागतो, आणि तुम्ही परत आलात की तो सुटलो म्हणून हात जोडतो. मी माझी सासूच बसवून गेले होते, खिडकीच्या मशीनवर. आता ती बया नंतर उठेना, म्हणे इथे वारा छान येतो, तिला उठवायला मुकादम बोलवावा लागला, ती गोष्ट वेगळी. जागा घरात राहिली.

तर मी म्हटलं, "चष्मेवाला नको. मी वाजवते."

नात इतकी हसली की प्लास्टर धरून बसली. ड्रमवाली हसली नाही. तिने माझ्या हातांकडे पाहिलं.

"आजी, तुम्हाला वाचता येतं? म्हणजे संगीत?"

"मला पेपरसुद्धा नीट वाचता येत नाही. आकडे येतात."

"टॅबमध्ये आकडेच असतात," ती म्हणाली.

नात म्हणाली, "अगं, घ्या की चष्मेवाल्याला. मला काही वाटणार नाही." दुखण्यात माणूस काहीही बरळतं. मी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. ड्रमवालीने शेवटी सांगितलं, १५ तारखेला गॅरेजमध्ये या. एक गाणं अख्खं वाजवलंत तर बघू. नाहीतर चष्मेवाला.

६ मार्च

नातीने तो टॅबचा कागद छापून दिला. चार आडव्या रेघा, म्हणजे चार तारा. रेघेवर आकडा, म्हणजे दांडीवरच्या कितव्या घरात बोट दाबायचं ते. शून्य म्हणजे न दाबता तार मोकळी छेडायची. फुली म्हणजे आवाज न काढता नुसतं ठक् करायचं. एवढं एका दमात सांगितलं आणि मैत्रिणीचा फोन आला म्हणून गेली.

सोपं आहे. इंचपट्टी वाचता येते त्याला हे येईल.

८ मार्च, शनिवार

सोपं नाही. माझी बोटं सुईला सरावलेली, तारेला नाहीत. तार म्हणजे दोरखंड. दाबली तर दाबत नाही, दाबली गेली तर सोडवत नाही. डाव्या हाताला दोन फोड. उजव्या हाताच्या बोटात शिवणाची टोपी घालून बघितली, तर ताटलीवर चमचा आपटल्यासारखा आवाज आला. मुलगा बैठकीत सामना बघत होता. माझी खाटही बैठकीतच, नातीला वेगळी खोली लागली तेव्हापासून. तो म्हणाला, "आई, तू खरंच हे करणार आहेस?"

"नाही, तारा पुसतेय."

त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. खोक्याला न जोडता वाजवलं तर ही गिटार डासाएवढीच बोलते, तरी त्याने वाढवला. बापावर गेलाय.

११ मार्च, मंगळवार

अर्धं गाणं पाठ झालं. कानाला काही गोड लागत नाही, पण झिपऱ्याचं गाणं ऐकलंय मी, तेही नाही लागत. तेव्हा बरोबरच असणार.

नातीला म्हटलं, जरा ऐक, बरोबर आहे का सांग. ती अंघोळीला गेली. प्लास्टरला पिशवी बांधून तासभर अंघोळ. बाहेर आली तर गुणगुणत होती, भलतंच काहीतरी.

१५ मार्च, शनिवार

आज गॅरेज. टायरांच्या थप्पीशेजारी मला स्टूल दिलं. खोक्याला जोडल्यावर पहिली तार छेडली तर स्टूल हललं, खालची फरशी हलली, माझी कवळीसुद्धा. बाई गं. एवढा आवाज माझ्या बोटाचा? कारखान्यात दोनशे मशीनं चालायची, पण त्यांतलं माझं कुठलं ते मला कधी ऐकू आलं नाही.

ड्रमवालीने काठ्या आपटून चार मोजले आणि आम्ही सुरू झालो. मी मान खाली घालून सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं, कुठे अडकले नाही. वर बघितलं तर दोघं कधीचे थांबले होते.

झिपऱ्या म्हणाला, "आजी, हे कुठलं गाणं?"

"तुझंच."

"माझं नाही."

ड्रमवाली उठून आली, कागद बघितला, माझी बोटं बघितली आणि कपाळाला हात लावला. मी सगळं उलटं शिकले होते. कागदावरची सगळ्यात वरची रेघ म्हणजे गिटारची सगळ्यात वरची तार, असं मी धरलं. वरचं ते वर, यात विचारायचं काय? तर नाही. वरची रेघ म्हणजे सगळ्यात खालची, बारीक तार. तळाची रेघ म्हणजे वरची, जाड तार.

"हे कोणी ठरवलं?" मी म्हटलं.

"सगळं जग असंच लिहितं, आजी."

"जगाला शिकवायला कोणी नव्हतं वाटतं."

झिपऱ्याने खिशातून फोन काढला. चष्मेवाल्याला लावणार, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण ड्रमवालीने त्याचा हात खाली केला. म्हणाली, "चुकीचं वाजवलं, पण अख्खं वाजवलं. एकदाही थांबल्या नाहीत. तू थांबतोस." एक आठवडा मिळाला.

निघताना झिपऱ्याने विचारलं, नात कशी आहे, त्याचा मेसेज तिने वाचला का. मी म्हटलं, हात मोडलाय, डोळे नाही. वाचला असेल.

१६ मार्च

रागाने झोप आली नाही. सकाळी गिटार तान्ह्या पोरासारखी मांडीवर आडवी टाकली, पोट वर करून, आणि वरून बघितलं. जाड तार माझ्या पोटाशी, बारीक तार पलीकडे. म्हणजे कागदावर आहे तश्शी! कागद लिहिणाराही असाच मांडी घालून बसला असणार. मग आधी सांगायचं ना, की मांडीवर घेऊन बघा.

आता शिकलेलं सगळं विसरायचं. नवा शर्ट शिवणं सोपं. चुकीचा शिवलेला उसवून त्याच कापडाचा परत शिवायचा म्हणजे जुनी भोकं दिसतातच.

२२ मार्च, शनिवार

जमलं. म्हणजे जागा धरली. झिपऱ्यासुद्धा म्हणाला, "आता ओळखू येतंय."

पण नवीन दुखणं निघालं. मी पळते. ड्रमवाली ओरडत होती, "आजी, पळू नका! माझ्याबरोबर चला!" नगावर मजुरी मिळवलेला हात आहे हा, त्याला चाल एकच माहीत. हळू चाललं तर चूल पेटत नव्हती. तिला म्हटलं, तू जोरात चल की. ती म्हणाली, "गाणं लवकर संपवलं तर जास्त पैसे मिळत नाहीत, आजी."

पोरगी फटकळ आहे. आवडली मला.

२६ मार्च, बुधवार

गाण्याच्या मध्यात एक जागा आहे, तिथे बेसने काहीच करायचं नाही. कागदावर रेघा कोऱ्या. झिपऱ्या एकटा गातो, ड्रमवाली ड्रमची नुसती कड वाजवते, आणि मी बसून राहायचं. माझ्याने होत नाही. रिकाम्या हाताने बसलेली बाई म्हणजे मुकादमाच्या डोळ्यात खुपणारी बाई. दर वेळी मी मधेच एखादी तार छेडते आणि दोघं माझ्याकडे बघतात.

ड्रमवाली म्हणाली, "हात तारांवर सपाट ठेवा. मोकळ्या सोडल्या तर त्या घूं करत राहतात. त्यांना गप्प ठेवणं हे तुमचंच काम आहे तिथे."

असं आधी सांगितलं असतं तर! काम म्हटलं की मी करते.

झिपऱ्या ओरडून काय म्हणतो तेही विचारून घेतलं. म्हणे, "मी आता घरी येणार नाही." एवढंच, वीसदा. नको येऊस. दार लावून घेतो आम्ही.

१ एप्रिल, मंगळवार

प्लास्टर निघालं. हात पांढराफटक, वाळलेल्या शेंगेसारखा. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, रबराचा चेंडू दाबत राहा, आठवड्याभरात हळूहळू वाजवायलाही हरकत नाही. सून खूश. मीही म्हटलं, चला, सुटले.

नात म्हणाली, "आठवड्याभरात? एवढ्या लवकर?" डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. त्यांना लोक उलटं विचारत असतील.

५ एप्रिल, शनिवार

रबराचा चेंडू केर काढताना कपाटाखाली सापडला. त्यावर धूळ. मी धुऊन तिच्या उशीशी ठेवला.

स्वयंपाकघरात बरणीचं झाकण मला उघडेना, सुनेला उघडेना. नातीने डाव्या हाताने एका हिसक्यात उघडलं. चांगलं आहे, ताकद येतेय. लगेच म्हटलं, "मग आज चल गॅरेजवर. अजून आठवडा आहे. तुझी जागा तू घे, मी उठते."

ती मनगट चोळायला लागली. "दुखतंय गं अजून. तूच जा."

उजवं चोळत होती. दुखणं फिरतं कधी कधी.

मी गेले. चालीत चालले आज, एकदाच पळाले. ड्रमवालीने मला काठीने सलाम केला. झिपऱ्याने नातीची चौकशी केली. इतकी चौकशी तिच्या सख्ख्या बापाने केली नाही. मुलगा चांगला आहे म्हणायचा, केस कापले तर.

१० एप्रिल, गुरुवार

सून रात्रीची भांडी आवरताना म्हणाली, "आई, एक विचारू? परवा ती चाचणी झाली की मग काय करणार तुम्ही?"

"मग काय, पोरगी येईल तिच्या जागेवर. मी माझ्या खाटेवर."

"आणि नाही आली तर?"

"का नाही येणार? तिच्यासाठीच तर चाललंय."

सुनेने तीच बशी परत पुसली. तिला बोलायचं असतं तेव्हा ती भांडी पुसते. मीही विचारलं नाही. मला विचारायचं नसतं तेव्हा मी बोटांचे फोड बघते. आता फोड नाहीत. डाव्या हाताची चारही टोकं टणक झालीत, सुईसुद्धा टोचत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

चाचणी. सगळं लिहून ठेवते, नाहीतर मुलगा नंतर वेगळंच सांगेल.

सभागृह गच्च, बहुतेक सगळी पोरंटोरं. आमच्या आधी पाच बँड. त्यात सगळे उभ्याने वाजवणारे, आम्ही एक स्टूल घेऊन निघालो. टेबलामागे तीन परीक्षक. त्यांतल्या बाईने झिपऱ्याला विचारलं, "या कोण? तुमच्याबरोबर आल्यात का?" झिपऱ्या म्हणाला, "बेस." नुसतं बेस. आजी नाही, कोणाची कोण नाही. मला ते बरं वाटलं.

चार मोजले, सुरू. दिव्यांमुळे समोरचं काही दिसत नव्हतं, ते एक बरं. पहिल्या कडव्यात माझं एक बोट घसरलं. मी थांबले नाही. पळालेही नाही, ड्रमवालीच्या कोपराला डोळे शिवून टाकले होते. मग ती मधली जागा आली. हात सपाट ठेवला. झिपऱ्या एकटा गात होता की मी घरी येणार नाही, आणि सबंध सभागृहात माझ्या तारा गप्प होत्या. माझ्या हाताखाली गप्प. मी गप्प ठेवल्या होत्या.

तेवढ्यात वर बघितलं. तिसऱ्या रांगेत नात उभी राहून डोक्यावर टाळ्या वाजवत होती, दोन्ही हातांनी, चांगल्या सणसणीत. हात पार बरा दिसला.

मला एकदम घाम फुटला. दिवे फार होते, दुसरं काही नाही. शेवट वेळेवर घेतला.

खोली मिळाली नाही. दुसऱ्या बँडना मिळाली. परीक्षक म्हणाले, तीन महिन्यांनी परत या, गायकाने सूर सांभाळावा, बेस भक्कम आहे. झिपऱ्याचा चेहरा पडला. ड्रमवाली माझ्या कानाशी म्हणाली, "भक्कम, आजी, भक्कम!" मी म्हटलं, ऐकू येतं मला, बहिरी नाही.

१३ एप्रिल, रविवार

शब्दाची पक्की आहे मी. सकाळी गिटार पुसली, पट्टा गुंडाळला आणि नातीच्या खोलीत नेऊन पलंगावर ठेवली. म्हटलं, "घे. सांभाळली तुझी जागा. उठले मी."

ती गिटारकडे बघत बसली. मग म्हणाली, "आजी, मला नाही जायचं परत."

"दुखतंय?"

"नाही दुखत. कधीचं नाही दुखत." मग भडाभडा बोलली. झिपऱ्याचं आणि तिचं काहीतरी होतं. ते मनगटाच्या महिनाभर आधीच मोडलं. त्याच्याबरोबर एका खोलीत उभं राहायला नको वाटायचं. सोडते म्हणायचं धाडस होत नव्हतं, तेवढ्यात ती पायरी चुकली. "हाड मोडल्यावर पहिला विचार काय आला सांगू? सुटले!"

मी म्हटलं, "अगं भवाने, मग मला का घासू दिलंस दीड महिना? पहिल्याच दिवशी सांगायचंस!"

"सांगणार होते. पण तू उलटा कागद घेऊन बसली होतीस, आणि..."

"उलटा आहे हे तुला माहीत होतं?"

"नंतर कळलं. आजी, तू इतकी खूश दिसत होतीस. तू टीव्हीपुढे बसून घोरायचीस गं आधी."

खूश म्हणे. मी बोटं सोलून घेत होते. पोरीला म्हटलं, आईच्या दवाखान्यात दात बघतात, तू डोळ्यांच्या दवाखान्यात जा.

गिटार तिच्या पलंगावर ठेवता येईना, ती म्हणाली अडचण होते. म्हणून बैठकीत आणली. माझ्या खाटेशेजारी उभी केली आहे. तात्पुरती.

१५ एप्रिल

काही केलं नाही. नातीला हाक मारली आणि तिच्यासमोर एक लहानसं भाकीत केलं, की चष्मेवाला आता येणार. तरुण आहे, गाडी आहे, चष्मा आहे. तिने खांदे उडवले. जागा म्हणजे काय हे तिला कळतच नाही. कधी दाराजवळ धुळीत बसली नाही ना.

१९ एप्रिल, शनिवार

गॅरेजवर गेले. गिटार त्यांच्याकडे द्यायची तर कोणीतरी न्यायला हवीच. नात येत नाही, मुलाची कंबर धरलेली, म्हणून मी. पोचल्यावर म्हटलं, आलेच आहे तर एकदा वाजवून बघू, तारा उतरल्यात का. तारा चढवून झाल्या. मग ड्रमवाली म्हणाली, आजी, नवीन गाणं घेतोय, आणि कागद पुढे केला. मी म्हटलं, मोठ्या आकड्यांत छापून आण, हे काय मुंग्यांसाठी आहे का? झिपऱ्याने नातीची चौकशी केली नाही. कळलं असावं. केस कापलेत त्याने, बिचारा सोललेल्या बटाट्यासारखा दिसतो.

चार वाजता दारात उंच सावली पडली. चष्मेवाला. पाठीवर गिटार, हातात गाडीची किल्ली. सभ्य पोरगा, बोलायला चांगला. म्हणाला, ऐकलं की तुमची बेसवाली सोडून गेली, जागा रिकामी आहे का?

ड्रमवालीने माझ्याकडे बघितलं. झिपऱ्यानेही. मुकादम कोणी नव्हता. मला एकाएकी माझी सासू आठवली, खिडकीच्या मशीनवर दोन्ही हातांनी फळी धरून बसलेली.

मी म्हटलं, "जागा धरलेली आहे."

त्याने इकडे तिकडे बघितलं. "कोणासाठी?"

"चष्मा पूस बाळा," मी म्हटलं. "समोर माणूस बसलेलं दिसत नाही का?"